हौसेला मोल नसतं, मग लिलाव कशाचा?



तत्त्वज्ञानाच्या व्याख्यानमालेत मोटारगाड्या कुठून आल्या, असं काहींच्या मनात आलं असेल. तर असं बघा, आपल्या परंपरेतली वस्तू आणि तिची ओळख यांबद्दलची एक फार गाजलेली चर्चा वाहनावरूनच झालेली आहे. ‘मिलिंदपन्ह’मध्ये नागसेन भिक्षू राजा मिलिंदाला विचारतात, तू रथातून आलास म्हणतोस, मग रथ म्हणजे काय? आस? चाकं? दांडी? त्या रथाकडे आपण पुन्हा येणार आहोत. आधी आजच्या गाड्या पाहू.

आजचा विषय एका विशिष्ट जातीच्या गाडीचा आहे. चार दारं, मागे डिकी, मागच्या सीटवर दोन-तीन मुलं बसतील एवढी जागा. बाहेरून पाहिलं तर एखाद्या कारकुनाची किंवा डॉक्टरची गाडी वाटावी. बॉनेटखाली मात्र शर्यतीच्या मैदानाशी नातं सांगणारं इंजिन. युरोपात 1950 ते 1990 या काळात अशा गाड्या पुष्कळ झाल्या. आज त्यांतल्या निवडक गाड्या घराच्या किमतीला विकल्या जातात. आमचा प्रश्न असा, की लोक नेमकं काय विकत घेतात? आणि जे विकत घेतात, ते त्यांच्या हाती लागतं का?

सुरुवात इटलीपासून करू. आल्फा रोमिओ ही कंपनी युद्धापूर्वी श्रीमंतांसाठी मोजक्या, महागड्या गाड्या करत असे. 1950 साली तिने 1900 नावाची चार दारांची गाडी आणली आणि जाहिरातीत तिचं वर्णन शर्यती जिंकणारी कुटुंबाची गाडी असं केलं. या साऱ्या प्रकाराची व्याख्याच त्या एका कल्पनेत आहे. पुढे 1962 मध्ये ज्युलिया आली. 1570 सीसीचं इंजिन, दोन कॅमशाफ्ट, पाच गिअर, 92 अश्वशक्ती. आकार असा चौकोनी, की जणू सुताराने खोका ठोकला आहे! पण हवेला होणारा तिचा विरोध त्या काळच्या कितीतरी गोंडस गाड्यांपेक्षा कमी होता. आणि पहिल्या ज्युलियात पुढे सलग बाकासारखी सीट, गिअरचा दांडा स्टिअरिंगच्या खांबावर. म्हणजे सहा माणसं कोंबून लग्नाला जायची सोय, आणि तीच गाडी इटलीच्या पोलिसांकडे चोरांच्या पाठलागासाठी.

इंग्लंडमध्ये 1959 ची जॅग्वार मार्क 2 घ्या. आत लाकूड आणि कातडं, जणू एखाद्या जुन्या वकिलाचं दालन. 3.8 लिटरचं इंजिन घेतलं तर ताशी 200 किलोमीटरपर्यंत वेग. तीही पोलिसांनी वापरली, आणि दरोडेखोरांनीही. मग जर्मनी. 1985 ची बीएमडब्ल्यू एम 5. 286 अश्वशक्तीचं इंजिन, ज्याचं मूळ कंपनीच्या एम 1 या स्पोर्ट्स कारमध्ये. जोडणी बरीचशी हातांनी. आणि दिसायला? शेजारी साधी 518 उभी केली, तर दहांतल्या नऊ जणांना फरक कळणार नाही.

इथे आम्हाला या गाड्यांच्या सौंदर्याचं मर्म सापडतं. लाल रंगाची दोन सीटची स्पोर्ट्स कार आपलं सामर्थ्य ओरडून सांगते. ती ब्रह्मचाऱ्याची गाडी आहे. तिला कुणाला शाळेत सोडायचं नसतं. ही चार दारांची गाडी गृहस्थाश्रमी आहे. तिने किराणा आणायचा आहे, सासूबाईंना स्टेशनवर घ्यायला जायचं आहे, आणि हे सगळं करून परतताना रस्ता मोकळा मिळाला, तर दोन वळणं मनासारखी घ्यायची आहेत. कर्तव्य न सोडता आनंद राखणं, आणि त्या आनंदाचा गाजावाजा न करणं. आपल्याकडे गृहस्थाश्रमाला इतर आश्रमांचा आधार मानलं आहे ते उगाच नव्हे. ही गाडी एका अर्थाने रसिक गृहस्थाचं चित्र आहे. म्हणून ज्या गाडीवर नंतर मोठाले पंख आणि पट्टे बसवले जातात, ती कितीही वेगवान असली तरी आम्हाला या प्रकारात जरा कमी वाटते. झाकलेली मूठ तिने उघडलेली असते.

आता किमतीकडे येऊ. किंमत का वाढते? एकच कारण सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नका.

पहिलं कारण संख्या. 1980 च्या दशकात ‘ग्रुप ए’ नावाच्या शर्यतींचा नियम होता, की बारा महिन्यांत 5000 गाड्या तयार करा, तरच त्या गाडीला मैदानात प्रवेश. सुधारित आवृत्ती हवी असेल तर आणखी 500. म्हणजे शर्यतीसाठी लागणारे भाग सामान्य गिऱ्हाइकाला विकणं कंपनीला भागच होतं. मर्सिडीजची 190 ई इव्होल्यूशन 2 ही 1990 ची गाडी अशीच. एकूण 502 झाल्या. आज तिच्यासाठी दोन लाख युरोंच्या वर पैसे मोजले जातात. नियमाने संख्या ठरवली आणि पुढे त्या संख्येने किंमत ठरवली.

दुसरं कारण झीज. या गाड्या घरच्या होत्या, म्हणून वापरल्या गेल्या. मिठाच्या रस्त्यांवर गंजल्या, तिसऱ्या-चौथ्या मालकाकडे गेल्या, चोरीला गेल्या. ब्रिटनमध्ये 1990 च्या सुमारास फोर्डच्या सिएरा कॉसवर्थच्या इतक्या चोऱ्या होत, की विम्याचा हप्ता परवडेनासा झाला. लोटस कार्लटनची गोष्ट तर प्रसिद्धच आहे. 377 अश्वशक्ती, ताशी सुमारे 280 किलोमीटर, नवी असताना किंमत 48,000 पौंड, आणि जर्मनीतली तिची जुळी बहीण ओमेगा धरून एकूण फक्त 950. त्यांतली एक 1993 मध्ये चोरांनी पळवली, दुकानं फोडायला वापरली, आणि पोलिसांच्या गाड्या तिच्या जवळपासही पोचू शकल्या नाहीत. त्या काळी बदनाम झालेली ही गाडी आज लाख पौंडांच्या आसपास जाते. बदनामीचंही मोल होतं, फक्त थोडा धीर धरावा लागतो.

तिसरं कारण पिढी. पंधराव्या वर्षी जी गाडी शेजाऱ्याच्या दारात पाहिली, ती पन्नाशीत परवडते. चौथं कारण कायदा. अमेरिकेत 25 वर्षांहून जुनी गाडी तिथल्या सुरक्षा नियमांची पूर्तता न करताही आयात करता येते. म्हणजे दरवर्षी काही गाड्यांना अचानक एक मोठी बाजारपेठ उघडते. ब्रिटनमध्ये गंमत अशी, की खासगी मोटार विकून झालेल्या नफ्यावर सहसा भांडवली नफ्याचा कर लागत नाही, कारण मोटार म्हणजे झिजून जाणारी वस्तू अशी समजूत. कायदा म्हणतो ही झिजते, बाजार म्हणतो ही वाढते, आणि गुंतवणूकदार दोघांच्या मधून शांतपणे निघून जातो.

आता आपण नागसेनांच्या रथाकडे येऊ. नागसेन दाखवून देतात, की रथ कुठल्याही एका भागात नाही. सर्व भागांच्या आधाराने आपण ‘रथ’ हे नाव वापरतो. लिलावाच्या बाजाराला हे मान्य नाही. तिथे इंजिनावरचा क्रमांक आणि सांगाड्यावरचा क्रमांक कारखान्याच्या नोंदीशी जुळला पाहिजे. इंजिन बदललेलं असेल, मग ते तितकंच उत्तम का असेना, किंमत घसरते. म्हणजे बाजार रथाचा आत्मा मानतो आणि तो लोखंडावर ठोकलेल्या आकड्यात शोधतो! बरं, एवढ्यावर थांबत नाही. सर्वांत जास्त भाव कुणाला? जी सर्वांत कमी चालली तिला. जिच्या मागच्या सीटवर कधी कुणी बसलंच नाही तिला.

इथे आमचा आक्षेप आहे. ज्या गुणासाठी ही गाडी आपल्याला प्रिय, म्हणजे घर आणि मैदान यांची एकत्र नांदणूक, तोच गुण किंमत वाढली की सर्वांत आधी जातो. घर तिच्यातून निघून जातं, कारण दोन लाख युरोंच्या सीटवर आइसक्रीम खाणारं पोर कोण बसवेल? आणि मैदानही जातं, कारण ओरखड्याची भीती. उरतं ते सोवळं. आपल्याकडे पैठणी ट्रंकेत जपून ठेवतात; घडी मोडली नाही तर ती घडीवरच विरते. गाडीचंही तसंच. उभ्या गाडीचं रबर सुकतं, टाकीतलं पेट्रोल नासतं, ब्रेकचं तेल हवेतलं पाणी शोषून घेतं. न वापरणं हे जतन नव्हे. तो नुसता सावकाश चाललेला नाश आहे.

पण आम्ही एकाच बाजूचे वकील होऊन चालणार नाही. दुसरी बाजू भक्कम आहे. गाडीची किंमत दोन हजार आणि दुरुस्ती पाच हजार, असा हिशेब जोवर होता तोवर या गाड्या भंगारात गेल्या. किंमत वाढली तेव्हाच कुणीतरी पत्रे पुन्हा घडवले, मिळेनासे झालेले भाग पुन्हा तयार केले, आणि जुनं इंजिन उघडून कळणाऱ्या कारागिराला काम मिळालं. आज रस्त्यावर एखादी ज्युलिया दिसते ती पुष्कळदा या महागाईची कृपा.

हे आम्ही आपल्या घरच्या उदाहरणावरून पटवून घेतलं आहे. फियाट 1100 ची इटलीत 1953 साली ‘तुरिस्मो व्हेलोचे’ नावाची वेगवान आवृत्ती निघाली होती. तिच्या साध्या बहिणी आपल्याकडे कुर्ल्याच्या कारखान्यात बनल्या आणि 1974 पासून पद्मिनी म्हणून ओळखल्या जाऊ लागल्या. मद्रासजवळच्या शोलावरमच्या धावपट्टीवर हौशी लोकांनी याच घरगुती फियाट शर्यतीत पळवल्या. मुंबईची काळी-पिवळी पद्मिनी टॅक्सी 2023 च्या ऑक्टोबरात रस्त्यावरून गेली. आमच्या घरीही एक 1100 होती, गिअरचा दांडा स्टिअरिंगला, पुढे सलग सीट. वडिलांच्या मागे ती अंगणात उभी राहिली, आणि एके दिवशी आम्ही ती वजनावर विकली. किती किलो भरले ते लक्षात आहे. गाडीचा नंबर मात्र आठवावा लागतो. तेव्हा तिला किंमत असती तर आम्ही ती ठेवली असती. हे कबूल करायला आवडत नाही, पण खरं आहे.

म्हणून आमचं म्हणणं किंमत वाईट असं नाही. किंमत दोन प्रकारची कामं करते. एक किंमत वस्तूला भंगारवाल्यापासून वाचवते. दुसरी तिला तिच्या कामापासूनच सोडवते. पहिली संपून दुसरी कुठे सुरू होते, ते ओळखणं ही समीक्षकाची जबाबदारी. आपल्या 2021 च्या नियमांनी 50 वर्षांहून जुन्या गाड्यांना ‘व्हिंटेज’ म्हणून वेगळी नोंदणी दिली, हे चांगलंच झालं. पण त्याच नियमांनी अशी गाडी रोजच्या वापरासाठी रस्त्यावर आणायची नाही, असंही ठरवलं. प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती, पेट्रोल, एवढ्यापुरती ती बाहेर. स्पोर्ट्स कारच्या बाबतीत हे एक वेळ चालेल. कुटुंबाच्या गाडीला मुलांना शाळेत सोडण्याची मनाई म्हणजे तिचा सन्मान आणि तिची सेवानिवृत्ती एकाच कागदावर.

हौसेला मोल नसतं असं आपण म्हणतो. त्याचा अर्थ हौस फुकट असते असा नाही. पैसे मोजताना माणूस हिशेब करत नाही, असा तो अर्थ. लिलावात उलट होतं. तिथे मोजताना हिशेबच पक्का असतो आणि हौस ही पुढच्या गिऱ्हाइकाची धरलेली असते. तेव्हा कुणी अशी जुनी गाडी अभिमानाने दाखवली, तर किती धावली आणि कितीला घेतली हे खुशाल विचारा. पण त्याआधी मागचं दार उघडून सीटकडे बघा. तिथे बिस्किटाचा चुरा सापडला, तर त्या माणसाला गाडी कळली आहे असं समजायला आमची हरकत नाही.

आता तुमचे प्रश्न घेऊ.