आडनावाची मोजदाद

कृत्रिम बुद्धिमत्तेमुळे दुर्लक्षित समूहांचे राजकीय प्रतिनिधित्व बळकट होईल, असे अलीकडे ठासून सांगितले जाते. यंत्राला जात नसते, हा त्यामागचा युक्तिवाद. महाराष्ट्राने या विचाराची पहिली, कच्ची आवृत्ती 2022 मध्येच वापरून पाहिली आहे.

सर्वोच्च न्यायालयाने 4 मार्च 2021 रोजी विकास गवळी प्रकरणात ओबीसींच्या स्थानिक आरक्षणासाठी प्रत्यक्ष आकडेवारी मागितली. त्यासाठी नेमलेल्या बांठिया आयोगाने मतदारयाद्यांतील आडनावांचा आधार घेतला आणि ओबीसींचे प्रमाण 37 टक्के काढले. आडनावावरून जात ठरत नाही, ही ओरड तेव्हाही झाली. त्यात कृत्रिम बुद्धिमत्ता नव्हती. पण नावावरून माणूस ओळखण्याची रीत तीच.

गायकवाड हे आडनाव घ्या. बडोद्याचे सयाजीराव मराठा. काळाराम मंदिर सत्याग्रहातले दादासाहेब गायकवाड आंबेडकरी चळवळीचे, पूर्वाश्रमीच्या महार समाजातले. ‘उचल्या’कार लक्ष्मण गायकवाड विमुक्त समाजातले. यंत्राला पत्ताही दिला तर चूक टळेल, असे तज्ज्ञ म्हणतील. अमेरिकेत आडनाव आणि पत्ता जोडून मतदाराचा वंश अंदाजतातच. पण सयाजीराव कवळाण्याचे, दादासाहेब दिंडोरी तालुक्यातले. दोघांचाही जिल्हा नाशिक!

यंत्र संभाव्यता मोजते. ज्या आडनावात ज्यांची संख्या जास्त, त्यांच्याकडे ते झुकते. चूक सर्वांच्या वाट्याला सारखी येत नाही; जो समूह सर्वांत लहान, तो सर्वांत आधी मोठ्या समूहात विरघळतो. भटके-विमुक्त स्थानिक संस्थांत ओबीसींच्याच 27 टक्क्यांत मोडतात, त्यांना वेगळी जागा नाही. मोजणीतही ते हरवले, तर तक्रार कोणत्या आकड्याच्या बळावर करायची?

6 मे 2025 रोजी न्यायालयाने बांठिया अहवालापूर्वीचे आरक्षण धरून निवडणुका घ्यायला सांगितले. ती सारी मोजदाद बाजूलाच राहिली.

मी राहतो त्या पुनावळ्याचा समावेश 1997 साली पिंपरी-चिंचवड महापालिकेत झाला. पालिकेच्या 128 जागांपैकी 20 अनुसूचित जातींना, 3 जमातींना. हिशेब साधा त्रैराशिकाचा: 2011 च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या 17,27,692, त्यात अनुसूचित जातींचे 2,73,810 आणि जमातींचे 36,535. त्याला कोणत्याही बुद्धिमत्तेची गरज नाही, कृत्रिम वा नैसर्गिक. अडचण आकड्याच्या वयाची आहे. त्या वर्षानंतर इथल्या शेतांवर टॉवर उभे राहिले, चाकण-भोसरीच्या कारखान्यांत कामाला आलेली कुटुंबे भाड्याच्या खोल्यांत स्थिरावली, आणि प्रभागाचे गणित मात्र अजून शेतकऱ्यांच्या गावाचे. 2027 च्या जनगणनेत जात विचारली जाणार आहे. तिथे माणूस स्वतः सांगेल तो कोण. तोवर अंदाजपंचे काढलेल्या टक्केवारीला मी पुरावा मानायला तयार नाही, ती कितीही महागड्या संगणकातून आलेली असो.

मग यंत्राचा उपयोग शून्य? तसे नाही. अमेरिकेत 2023 च्या अ‍ॅलन विरुद्ध मिलिगन खटल्यात अलाबामातील कृष्णवर्णीय मतदार मतदारसंघांच्या नकाशावरून जिंकले. गंमत अशी, की संगणकाने काढलेले वंशनिरपेक्ष नकाशे तिथे सरकारपक्षानेच आपल्या बाजूने पुढे केले होते. न्यायालयाने तो निकष मानला नाही. यंत्र कोणाच्याही वकिलाचे काम करते. म्हणून ते वस्तीतल्या माणसांच्याही हाती असावे.

आपल्याकडे प्रभागरचनेचा मसुदा येतो आणि हरकतींना मोजके दिवस मिळतात. चार सदस्यांच्या प्रभागात एखादी वस्ती रस्त्याच्या दोन्ही बाजूंना वाटली गेली, तर तिची मते दोन मोठ्या ढिगांत जातात. हे हाताने सिद्ध करायला आठवडे लागतात, संगणकाला काही मिनिटे. त्यासाठी प्रगणक गटांच्या सीमा आणि लोकसंख्या संगणकाला वाचता येईल अशा रूपात मसुद्याबरोबरच जाहीर व्हायला हव्यात. त्यात कोणाचे आडनाव लागत नाही.