‘रायगडाला जेव्हा जाग येते’ : राजगृहातील कलह आणि घराबाहेरचा इतिहास

प्रस्तावना :
ऐतिहासिक नाटकाची समीक्षा पुष्कळदा ‘घडलेले किती आणि कल्पिलेले किती’ या प्रश्नापाशीच थांबते. वसंत कानेटकर यांच्या ‘रायगडाला जेव्हा जाग येते’ (१९६२) या नाटकाच्या संदर्भात त्याहून महत्त्वाचा प्रश्न असा की, राजघराण्यातील संघर्ष घराच्या चौकटीतून पाहिल्यास काय हाती लागते आणि काय निसटते? कानेटकरांचा जन्म १९२० मध्ये सातारा जिल्ह्यातील रहिमतपूरचा. सांगलीच्या विलिंग्डन महाविद्यालयात त्यांचे शिक्षण झाले. ज्या संघर्षावर त्यांनी हे नाटक उभारले, त्याच्या काही निर्णायक घटना याच दोन जिल्ह्यांत घडल्या. या स्थळांच्या आधारे नाटकाच्या चौकटीचा विचार करणे, हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

संभाजीराजांची पूर्वप्रतिमा :
सभासदाची बखर राजाराम महाराजांच्या आज्ञेने जिंजी येथे लिहिली गेली. संभाजीराजांना प्रतिकूल असलेली पुढची प्रभावी बखर मल्हार रामराव चिटणीस यांची. ती एकोणिसाव्या शतकाच्या प्रारंभी साताऱ्याच्या छत्रपतींच्या आश्रयाखाली सिद्ध झाली. १६८१ मध्ये संभाजीराजांनी ज्यांना देहदंड दिला, त्या बाळाजी आवजींचे मल्हार रामराव हे वंशज होत. म्हणजे एक बखर प्रतिस्पर्धी बंधूच्या दरबारात, तर दुसरी दंडित घराण्याच्या लेखणीतून आली. राम गणेश गडकऱ्यांच्या ‘राजसंन्यास’ या अपूर्ण नाटकातील व्यसनाधीन संभाजी याच परंपरेचा वारसा सांगतो. वा. सी. बेंद्रे यांच्या चरित्राने (१९६०) या प्रतिमेला कागदपत्रांच्या बळावर प्रथम मोठा धक्का दिला. त्यानंतर दोनच वर्षांनी कानेटकरांचे नाटक रंगभूमीवर आले.

नाटकाचे यश :
कानेटकरांनी शिवाजी महाराजांना प्रथम पिता म्हणून पाहिले. राज्य उभारण्यात आयुष्य वेचलेला आणि घर मात्र सांधू न शकलेला हा पिता आहे. संभाजीराजे येथे खलपुरुष नाहीत; ते दुखावलेले, मानी आणि पित्याच्या विश्वासासाठी आसुसलेले पुत्र आहेत. सोयराबाईंच्या महत्त्वाकांक्षेमागेही नाटककाराला आईचे मन दिसते. १६५९ मध्ये सईबाईंचे निधन झाले, तेव्हा संभाजीराजे अवघे दोन वर्षांचे होते. १६७४ मध्ये जिजाबाईही गेल्या. या पोकळीचे भान ठेवले म्हणजे नाटकातील मातृवंचित युवराजाची मानसिकता पटण्यासारखी ठरते. बखरीने दूषित केलेल्या व्यक्तीला मनुष्यत्व परत मिळवून देणे, हे या नाटकाचे निर्विवाद श्रेय होय.

चौकटीबाहेर राहिलेले :
तथापि, या यशातच नाटकाची मर्यादाही आहे. डिसेंबर १६७८ मध्ये संभाजीराजे सज्जनगडाच्या परिसरातून निघून दिलेरखानास मिळाले. घराच्या चौकटीत ही घटना ‘रुसलेल्या पुत्राचे पाऊल’ ठरते. परंतु एप्रिल १६७९ मध्ये मोगलांनी आजच्या सांगली जिल्ह्यातील खानापूर तालुक्यातला भूपाळगड (बाणूरगड) घेतला, तेव्हा युवराज शत्रूच्या सैन्यात होते. समोर खुद्द युवराजच असल्यामुळे किल्लेदार फिरंगोजी नरसाळा पेचात सापडला, असे परंपरा सांगते. गड पडल्यानंतर सुमारे सातशे कैद्यांचा एकेक हात तोडण्यात आला. या माणसांचा रायगडावरील वारसाच्या वादाशी काय संबंध होता? ज्या नाटकात दुःखाचा अधिकार केवळ राजकुटुंबाला मिळतो, तेथे या सातशेंच्या दुःखाला मध्यवर्ती स्थान मिळणे कठीण आहे. पुत्र डिसेंबर १६७९ मध्ये पन्हाळ्यास परतला आणि पित्याने त्याला जवळ केले. पण भूपाळगडाच्या कैद्यांचे तुटलेले हात या मीलनाने परत येणार नव्हते.

दुसरे उदाहरण हंबीरराव मोहित्यांचे. कऱ्हाडजवळच्या तळबीडचे हे सरनोबत सोयराबाईंचे सख्खे बंधू. ३ एप्रिल १६८० रोजी महाराजांचे निधन झाल्यावर मंत्र्यांनी राजारामांना गादीवर बसविले. हंबीररावांनी मात्र सख्ख्या भाच्याऐवजी संभाजीराजांचा पक्ष घेतला. केवळ रक्ताच्या नात्यांनी या निर्णयाचा उलगडा होत नाही. अष्टप्रधानांचे वर्चस्व की युवराजाचा अधिकार, आणि सैन्य कोणाच्या बाजूने, हे प्रश्न त्यामागे होते. स्वतः संभाजीराजांच्या १६८० मधील संस्कृत दानपत्रातील रोषही मंत्र्यांवर आहे, सावत्र मातेवर नाही. म्हणजेच नाटक ज्याला प्रामुख्याने माता-पुत्रांचा कलह मानते, त्यात खुद्द नायकाला सत्तेचा संघर्ष दिसत होता.

हा संघर्ष त्या पिढीतही संपला नाही. दोन पुत्रांत राज्य वाटून देण्याचा शिवाजी महाराजांचा विचार सभासदाने नोंदविला आहे. तो त्यांच्या हयातीत फळाला आला नाही. पण १७३१ च्या वारणेच्या तहाने संभाजीपुत्र शाहू आणि राजारामपुत्र संभाजी यांच्यात सातारा आणि कोल्हापूर अशी वाटणी झालीच. वारणेच्या दोन्ही तीरांवरील गावांनी त्यापूर्वी दोन गाद्यांच्या भांडणाची झळ अनेक वर्षे सोसली होती.

निष्कर्ष :
१. बखरींनी रूढ केलेली संभाजीराजांची एकांगी प्रतिमा रंगभूमीवर मोडण्याचे कार्य या नाटकाने केले.
२. कौटुंबिक चौकटीमुळे पात्रांना खोली लाभली. मात्र सत्तासंबंधांचा आणि सामान्यांनी मोजलेल्या किमतीचा विचार दुय्यम राहिला.
३. पदवीच्या वर्गात हे नाटक शिकविताना ‘चूक पित्याची की पुत्राची?’ हा प्रश्न विद्यार्थी हमखास विचारतात. तो स्वाभाविक असला तरी पुरेसा नाही. आपल्या विद्यार्थ्यांपैकी काहींची गावे बाणूरगडाच्या आणि तळबीडच्या परिसरातील आहेत. राजगृहातील कलहाची किंमत कोणी मोजली, हा प्रश्न त्यांच्यासमोर ठेवणे, ही अध्यापकाची जबाबदारी आहे. नाटकाचे मोठेपण त्यामुळे उणावत नाही. उलट ते अधिक सजगतेने वाचले जाते.