शकुनीचे फासे आणि रसिकांचा कौल

शकुनीचे फासे पित्याच्या अस्थींचे, म्हणून मंतरलेले, ही कथा मराठी श्रोत्यांना प्रिय आहे. भांडारकर संस्थेच्या चिकित्सक आवृत्तीतील सभापर्वात तिचा मागमूस नाही. तेथे शकुनी कौशल्याने व कपटाने जिंकतो. फाशांत अदृश्य शक्ती खरोखर शिरते ती वनपर्वातील नलोपाख्यानात, द्वापराच्या रूपाने. नलाला लाभलेली ही सबब रसिकांनी युधिष्ठिरालाही बहाल केलेली दिसते. आवडत्या नायकास दोषमुक्त करण्याची ही ओढ आजऱ्याच्या शिवाजी सावंतांच्या ‘मृत्युंजय’ (१९६७) या कादंबरीतील कर्णाच्या वाट्यालाही आली. परंतु फासे मंतरलेले मानले, की स्वतः आधी हरलेल्या पतीला पत्नी पणास लावण्याचा अधिकार उरतो काय, हा द्रौपदीचा सभेतील प्रश्न कोणालाच ऐकू येत नाही.