भाकीत, योगायोग आणि अलिबागची वेधशाळा

आज आम्ही हौशी भूकंप-भाकिताची चिकित्सा करणार आहोत. ‘हौशी’ हा शब्द आम्ही कुणाला कमी लेखण्यासाठी वापरत नाही, हे आधीच सांगून टाकतो. अमेरिकेची भूगर्भ सर्वेक्षण संस्था जगभरच्या धक्क्यांच्या नोंदी सगळ्यांना फुकट देते, कामापुरती पायथॉन महिना-दोन महिन्यांत येते, आणि मग अलिबाग-पेणकडचा एखादा मुलगा रात्री जागून चंद्राच्या कला, ग्रहांचे कोन नाहीतर चुंबकीय नोंदी यांची भूकंपांशी सांगड घालू लागतो. राशिभविष्य वाचत बसण्यापेक्षा हे शतपटीने बरं! असे काही प्रोग्राम आम्हाला उत्साहाने दाखवले गेले. ते चालत होते, आलेख सुंदर काढत होते. आमचा आक्षेप आहे तो त्यांना विचारलेल्या प्रश्नावर.

नमुना घ्या. “येत्या सात दिवसांत जगात कुठेतरी सहा किंवा त्याहून मोठा धक्का बसेल.” ऐकायला भारदस्त वाटतं. पण जगात असे धक्के वर्षाला साधारण दीडशे बसतात, म्हणजे आठवड्याला जवळजवळ तीन. संभाव्यतेचं साधं गणित केलं तर असा एकही धक्का न बसणारे आठवडे शंभरात पाच-सहाच निघतात. म्हणजे दर सोमवारी डोळे मिटून हेच वाक्य म्हणणारा माणूस शंभरात चौऱ्याण्णव वेळा खरा ठरतो. मग पंच्याण्णव टक्के यश मिरवणाऱ्या प्रोग्राममध्ये ग्रहांचा वाटा किती, तो तुम्हीच काढा.

आपल्याकडे याला काकतालीय न्याय म्हणतात. कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ. संगणकाने एवढंच केलं, की कावळे लाखोंनी वाढवले आणि फांद्या शेकड्यांनी.

ही गोष्ट नवी नाही. वराहमिहिराच्या बृहत्संहितेत बत्तिसावा अध्याय भूकंपलक्षणांचा आहे. तिथे अठ्ठावीस नक्षत्रं सात-सात अशी वायू, अग्नी, इंद्र आणि वरुण या चार मंडलांत वाटली आहेत, आणि प्रत्येक मंडलाच्या भूकंपाची लक्षणं आणि फळं दिली आहेत. रचना देखणी आहे, पण तिच्यात एक सोय आहे. भूकंप कधीही झाला तरी तो कुठल्या ना कुठल्या मंडलात बसणारच! अशा वर्गीकरणाला हरवता येत नाही, आणि म्हणूनच त्याला भाकीत म्हणता येत नाही. पॉपरने विसाव्या शतकात हाच मुद्दा मांडला. जे विधान खोटं ठरूच शकत नाही, ते आपल्याला जगाबद्दल काही सांगत नाही.

आता फ्रँक हूगरबीट्स या डच गृहस्थांचं उदाहरण. ३ फेब्रुवारी २०२३ रोजी त्यांनी दक्षिण-मध्य तुर्कस्तान, सीरिया या भागात साडेसातच्या आसपासचा भूकंप होईल असं जाहीर केलं. ६ फेब्रुवारीला तिथे ७.८ चा धक्का बसला आणि त्यांचं नाव जगभर झालं. पण मूळ वाक्यात तारीख नव्हती. ‘आज ना उद्या’ अशा अर्थाचे शब्द होते. त्या भागात मोठे भ्रंश आहेत, ते कधीतरी हलणार, हे भूशास्त्रज्ञ आधीपासून सांगतच होते. ग्रहांनी त्यात तारीख घातली असती तर आम्ही मान तुकवली असती.

न्यायशास्त्रात व्याप्ती सिद्ध करायला अन्वय आणि व्यतिरेक दोन्ही लागतात. धूर तिथे अग्नी, हे पाहून भागत नाही. अग्नी नाही तिथे धूरही नाही, हेही पाहावं लागतं. हौशी मंडळी अन्वय मोजतात आणि व्यतिरेकाच्या वेळी चहाला जातात. याची किंमत काय असते, ते आपल्याच राज्यात दिसलं आहे.

१९९२ साली किल्लारीला छोटे-छोटे धक्के बसू लागले. लोक घाबरले, काही घरं सोडून गेले, मोठं काही घडलं नाही तेव्हा परतले. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे मोठा भूकंप झाला आणि दगड-मातीच्या, जड माळवदाच्या घरांखाली हजारो माणसं गेली. या एका घटनेवर प्रोग्राम शिकवला, तर तो काय शिकेल? धक्क्यांची मालिका आली की पाठोपाठ मोठा भूकंप. आता तोच प्रोग्राम नोव्हेंबर २०१८ नंतरच्या डहाणू-तलासरीवर लावा. तिथे धक्क्यांमागून धक्के बसले, भर थंडीत लोक तंबूंत झोपले. प्रोग्राम रोज ओरडला असता. आणि मोठ्यातला मोठा धक्का चारच्या आसपासच राहिला. दोन्हीकडची सुरुवात सारखी, शेवट वेगळा. दोन्ही ओळखणारा प्रोग्राम कुणी लिहिला, तर आम्ही स्वतः त्याच्या घरी जाऊ. तोवर एकाला इशारा देऊन दुसऱ्याची झोप उडवण्याचा हिशेब त्याने मांडलाच पाहिजे. आणि किल्लारीचा इशारा वर्षभर चालू ठेवून त्याला ‘यश’ म्हणणं ही तर लबाडीच.

या बाबतीत शिकायला लांब जायला नको. आपल्या अलिबागची चुंबकीय वेधशाळा आहे. कुलाब्याच्या वेधशाळेत एकोणिसाव्या शतकापासून पृथ्वीच्या चुंबकत्वाची नोंद होत होती. मुंबईत विजेच्या ट्राम येणार, त्यांच्या प्रवाहाने सुया बिघडणार, हे ओळखून नानाभाई मूस यांच्या काळात, १९०४ साली, काम अलिबागला आणलं गेलं. इमारतीत लोखंड टाळलं. पण आम्हाला सर्वांत आवडतं ते पुढचं. कुलाबा लगेच बंद केलं नाही. १९०६ पर्यंत दोन्हीकडे एकाच वेळी नोंदी घेतल्या, ताडून पाहिल्या, मगच जुनी मालिका नव्या जागेला जोडली. ट्राम धावायच्या आधी!

आता याच्या शेजारी कॅलिफोर्निया ठेवा. १९८९ च्या लोमा प्रीटा भूकंपाआधी तिथल्या एका चुंबकीय यंत्रावर विलक्षण हालचाल दिसली. वीस वर्षं ते उदाहरण हौशी आणि व्यावसायिक दोघांनीही मिरवलं. मग २००९ मध्ये काही संशोधकांनी ती नोंद इतर वेधशाळांशी ताडून पाहिली. यंत्रणेतच बिघाड झाला असावा, असा निष्कर्ष निघाला. तोपर्यंत त्या एका आलेखावर किती प्रोग्राम उभे राहिले असतील!

सगळंच अशक्य आहे, असं आमचं म्हणणं नाही. श्रीवर्धनहून कोयना सरळ रेषेत शंभरेक किलोमीटर. ११ डिसेंबर १९६७ च्या भूकंपानंतर तिथे दीर्घकाळ नोंदी झाल्या आहेत, क्षेत्र लहान आहे, आणि हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिकी संशोधन संस्थेच्या मंडळींनी चारच्या आसपासच्या धक्क्यांचे अल्पमुदतीचे अंदाज आधी लेखी नोंदवले. त्यातले काही खरेही ठरले. पण तिथेही सावध राहायला हवं. भूकंपामागून भूकंप येतात, हा ओमोरीचा नियम १८९४ पासूनचा आहे. “काल बसला, म्हणून आजही बसेल” हा एका ओळीचा प्रोग्राम पुष्कळदा बरोबर येतो. तुमच्या पाचशे ओळींनी निदान त्या एका ओळीला हरवलं पाहिजे.

म्हणून ज्यांचे प्रोग्राम तयार आहेत त्यांच्याशी आम्ही एक करार करतो. जागा, त्रिज्या, तारखा, तीव्रता सगळं लिहून आजच्या तारखेचं पाकीट आमच्याकडे द्या. सहा महिने प्रोग्रामच्या एकाही ओळीला हात लावायचा नाही. ज्या दिवशी काही होणार नाही असं तो म्हणतो, तेही लिहा. सहा महिन्यांनी पाकिटं इथेच, तुमच्या देखत फोडू, आणि त्या एका ओळीच्या प्रोग्रामचे गुणही फळ्यावर शेजारी मांडू. आतापर्यंत दोघेजण तयार झाले आहेत. तिसरा कोण, ते सांगा. मग प्रश्न घेऊ.