साहेबाचा दौरा आणि आपला दौरा

मिशनऱ्यांचं नाव निघालं की आपल्या बैठकीत लगेच दोन तट पडतात. एक म्हणतो, त्यांनीच आपल्या हातात पाटी दिली. दुसरा म्हणतो, धर्म वाढवायला आले होते, पाटी म्हणजे नुसतं आमिष. दोघांनीही बहुतेक वेळा मिशनऱ्यांचं लिखाण वाचलेलं नसतं. माझं म्हणणं असं की ते वाचलं पाहिजे, आणि आपल्या बाजूनं वाचलं पाहिजे. परमुलखात आलेलं मिशनरी जोडपं दोन कामं करत होतं : दप्तर सांभाळायचं आणि सवड मिळेल तसा देश बघायचा. या दप्तरात आणि या बघण्यात आपला माणूस कुठं आहे, हे मला शोधायचंय.

जॉन आणि मार्गारेट विल्सन यांचं उदाहरण घेऊ. हे स्कॉटिश जोडपं १८२९ साली मुंबईत उतरलं. दोघंही मराठी शिकले. मार्गारेटबाईंनी मुलींच्या शाळा काढल्या. साहेबांनी १८३० साली 'ओरिएंटल ख्रिश्चन स्पेक्टेटर' हे मासिक सुरू केलं. साहेब दौऱ्यावर गेले की शाळांचं बघणं बाईंकडे. त्या १८३५ च्या एप्रिलमध्ये मुंबईतच वारल्या. १८३८ साली त्यांचं चरित्र निघालं ते नवऱ्यानं लिहिलेलं, बाईंच्या पत्रांतले आणि रोजनिशीतले उतारे घालून. म्हणजे लिहिलं बाईनं आणि निवडलं नवऱ्यानं. कुठला उतारा ठेवायचा, कुठला गाळायचा, हे ठरवणारा हात दुसऱ्याचा. आपल्या माणसांची आत्मकथनं दुसऱ्यांनी 'संस्कारित' करून छापलेली ज्यांनी पाहिलीत, त्यांना हा प्रकार वेगळा सांगायला नको.

आता दौरे. नाव धर्मप्रचाराचं, पण वाटेवरचं लेणं, डोंगर, शिलालेख साहेब सोडत नसत. १८३५ साली ते काठेवाडात गिरनारला गेले. तिथल्या मोठ्या शिळेवर कुणालाच वाचता न येणारी अक्षरं होती. त्यांची नक्कल साहेबांनी करवून घेतली आणि ती कलकत्त्याला जेम्स प्रिन्सेपच्या हाती पोचली. १८३७ साली प्रिन्सेपनं ब्राह्मी लिपी फोडली आणि शिळा बोलायला लागली. बोलत होता सम्राट अशोक. ज्या राजाचं चक्र आज झेंड्यावर आहे, ज्याच्या धम्माचं नाव आपण अभिमानानं घेतो, तो इतकी शतकं आपल्याच मुलखात मुका पडून होता. त्याला बोलतं करण्यात एका पाद्र्याच्या फेरफटक्याचा वाटा आहे. हे ऋण नाकारण्यात काही मर्दुमकी नाही.

पण त्या शिळेवर काय कोरलंय तेही बघा. गिरनारच्या दुसऱ्या आज्ञेत राजा सांगतो, माणसांच्या आणि जनावरांच्या औषधपाण्याची सोय केली, रस्त्यांवर विहिरी खोदवल्या, झाडं लावली, आणि हे सगळं पशूंच्या नि माणसांच्या उपयोगासाठी. कुठली माणसं, याला अट नाही. पाण्याला जात लावलेली नाही. दोन हजार वर्षांपूर्वीचं हे वाक्य साहेबांनी कापडा-कागदावर उतरवून नेलं. ज्या मुलखातनं ते नेलं, तिथं गावोगाव आपल्या बायका पाणवठ्यापासून लांब उभ्या होत्या.

साहेबांनी जातीवर लिहिलंच नाही असं नाही. 'इंडियन कास्ट' हा त्यांचा दोन भागांचा ग्रंथ १८७७ साली, त्यांच्या मृत्यूनंतर, बाहेर पडला. पहिल्या भागात शास्त्रं, स्मृती, पुराणं जातीबद्दल काय सांगतात त्याची मोठी मांडणी. दुसऱ्या भागात एकेका जातीची ओळख सुरू होते आणि ब्राह्मणांच्या पोटजातींपाशीच थांबते. ग्रंथ अपुरा राहिला. माणूस मरतो, त्याला दोष कोण देणार! पण सुरुवात वरून केली की मरण नेहमी आपल्या आधीच गाठतं. ही एकट्या विल्सनसाहेबांची गोष्ट नाही. जातीची उतरंड वरून मोजायला घेणाऱ्या प्रत्येक पंडिताचं असंच होतं, आजही होतं.

म्हणून दौऱ्याची वर्णनं वाचताना मी एक कसोटी लावतो. त्या काळी साहेब गावात आला की वाट दाखवायची, ओझं वाहायचं काम गावच्या महाराचं. ती वेठ होती. तेव्हा पुस्तकात लेण्याच्या खांबांची संख्या सापडली की लगेच शोधायचं : ओझं वाहणाऱ्याचं नाव सापडतं का?

दप्तराची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. १८५५ साली मुक्ता साळवे या मांगाच्या पोरीनं मांग-महारांच्या दुःखावर निबंध लिहिला. ती शिकली जोतीराव-सावित्रीबाईंच्या शाळेत. पण निबंध छापला 'ज्ञानोदय'नं, म्हणजे अमेरिकन मराठी मिशनच्या पत्रानं. शब्द आपले, छापखाना त्यांचा. छापखाना नसता तर चौदा-पंधरा वर्षांच्या त्या पोरीचा आवाज आज आपल्यापर्यंत आला असता का?

आता आपला दौरा. १९३४ साली बाबासाहेब चळवळीतल्या तीसेक सहकाऱ्यांबरोबर वेरूळची लेणी बघायला निघाले. निजामाच्या हद्दीत आपण कोण हे सांगायचं नाही, असं ठरवूनच ते निघाले होते. दौलताबादच्या किल्ल्याच्या दारात हौद होता. प्रवासाच्या धुळीनं भरलेली तोंडं त्यांनी तिथं धुतली. तेवढ्यात एक म्हातारा ओरडत आला, धेडांनी हौद बाटवला! जमाव जमला, शिवीगाळ झाली. शेवटी किल्ला बघू दिला, पण पाण्याला शिवायचं नाही या अटीवर, आणि बरोबर हत्यारबंद शिपाई देऊन. बाबासाहेबांनी हे 'वेटिंग फॉर अ व्हिसा'मध्ये लिहून ठेवलंय.

हे दोन दौरे शेजारी ठेवा. साहेब परका असून लेण्यांत मोकळा फिरतो आणि त्याचं बघणं 'संशोधन' होतं. १८५० साली लेण्यांवरचा त्याचा मोठा लेख आशियाटिक सोसायटीच्या जर्नलात छापला जातो. बाबासाहेब या मातीतले, बुद्धाची लेणी बघायला निघालेले, आणि त्यांना नाव लपवावं लागतं. माझ्या मते प्रवासवर्णन म्हणून बाबासाहेबांची ती थोडी पानं साहेबाच्या ग्रंथांहून मोठी आहेत. कारण त्यांत पाणी आहे, शिपाई आहे, आणि बघणाऱ्याला कोण बघत होतं तेही आहे.

आपली मराठी समीक्षा प्रवासवर्णनात सौंदर्यदृष्टी शोधत बसते. तहानलेल्या माणसाची दृष्टी तिच्या मापात बसत नाही. तेव्हा ते माप आपणच तयार करायचं.

आणि शिकायचं असेल तर साहेबाकडनं दप्तर शिका. त्यानं पाहिलं ते त्याच दिवशी लिहिलं, नक्कल केली, पाठवलं, छापलं. आपली पोरं कार्ल्याला जातात, वेरूळला जातात, महाडला जातात, घोषणा देऊन परत येतात. कागदावर काहीच उरत नाही. पुढच्या खेपेला वही न्या. गाडीभाडं किती झालं, पाणी कुणी दिलं, कुणी जात विचारली, सगळं तारखेसह लिहा. आपलं दप्तर आपण नाही ठेवलं, तर उद्या आपल्याबद्दल वाचायलाही दुसऱ्याचंच कपाट उघडावं लागेल.