अस्पष्ट चित्रांची साक्ष

जुने आणि नवे चित्रण एका माहितीपटात गुंफताना संकलकाची खरी कसोटी लागते. आपल्याकडे व ब्रिटनमध्ये रूढ असलेल्या पाल पद्धतीच्या स्टँडर्ड डेफिनिशन चौकटीत ७२० गुणिले ५७६ बिंदू असत. पूर्ण हाय डेफिनिशन चौकटीत १९२० गुणिले १०८०, म्हणजे बरोबर पाचपट. दोन्ही चित्रणे पाठोपाठ आली की डोळ्याला ठेच लागते. शिवाय जुनी चौकट ४:३, नवी १६:९. जुने चित्र ताणावे तर माणसे एकतृतीयांशाने रुंद होतात (लग्नाच्या जुन्या कॅसेटी नव्या टीव्हीवर पाहताना हा चमत्कार अनेकांनी अनुभवला असेल). वरखाली कापावे तर चित्राचा चौथा हिस्सा जातो. बाजूंना काळ्या पट्ट्या सोडणे हाच त्यातल्या त्यात प्रामाणिक मार्ग. पण हा झाला तंत्राचा भाग. त्या अस्पष्टतेचे करायचे काय, हा प्रश्न त्याने सुटत नाही.

ब्रिटिश दिग्दर्शक आसिफ कपाडिया यांनी तो निराळ्या रीतीने सोडवला. ‘सेना’ (२०१०) आणि ‘ॲमी’ (२०१५) या दोन्ही माहितीपटांत त्यांनी नव्याने घेतलेल्या मुलाखतींचा केवळ आवाज ठेवला. बोलणाऱ्यांचे चेहरे दाखवले नाहीत. दोन्हींचे संकलन करणाऱ्या क्रिस किंग यांना त्यामुळे जुन्या चित्रणाशेजारी आजचा लखलखीत चेहरा बसवावा लागला नाही. प्रेक्षकही त्या काळातून बाहेर फेकला जात नाही.

‘ॲमी’मध्ये मात्र याहून खोल काही साधले आहे. हा माहितीपट गायिका ॲमी वाइनहाउसचा. २०११ साली, अवघ्या सत्ताविसाव्या वर्षी ती वारली. आरंभी १९९८ मधले घरगुती चित्रण दिसते. मैत्रिणीच्या वाढदिवसाला जमलेल्या मुली, हलणारा कॅमेरा आणि अकस्मात वर चढलेला एक थक्क करणारा स्वर. पुढे तिचा पहिला व्यवस्थापक निक शायमन्स्की याने प्रवासात टिपलेली दृश्ये येतात. ही चित्रे ओबडधोबड आहेत, पण कॅमेऱ्यामागे ओळखीचे माणूस आहे आणि ॲमी त्याच्याकडे पाहून हसते. कीर्ती वाढते तसे व्यावसायिक कॅमेरे सरसावतात, दिव्यांचे लखलखाट तिच्या तोंडावर आदळतात, आणि आता ती चेहरा लपवू लागते. चित्रणाचा दर्जा आणि माणसाची जवळीक यांचे हे व्यस्त प्रमाण एकाही निवेदनाशिवाय आपल्या मनात उतरते. सगळी चित्रे घासूनपुसून एकाच झळाळीची केली असती, तर हा अर्थच पुसला गेला असता.

एक आक्षेप मात्र नोंदवला पाहिजे. तिचा पाठलाग करणाऱ्या छायाचित्रकारांची दृश्ये हा माहितीपट इतक्या वेळा वापरतो की प्रेक्षकही त्या घोळक्यात सामील होतो. हे हेतुपुरस्सर असेलही. पण काही दृश्ये कमी केल्याने मुद्दा दुबळा झाला नसता. तिच्या कुटुंबीयांनीही या माहितीपटाशी असलेला संबंध जाहीरपणे तोडला होता. त्यांच्या तक्रारी वेगळ्या होत्या, तरी संकलकाच्या कात्रीला केवढी सत्ता असते हे त्यातून कळते.

मार्च २०११ मध्ये ॲबी रोड स्टुडिओत टोनी बेनेट यांच्याबरोबर झालेल्या ध्वनिमुद्रणाचे चित्रण व्यावसायिक आणि सुस्पष्ट आहे. तरीही त्यात जवळीक आहे. ती अडखळते, स्वतःवरच चिडते, क्षमा मागते. ते वृद्ध गायक तिला धीर देतात, आणि ती पुन्हा गाऊ लागते.