श्वासपटलाची जाडी आणि 30 टक्क्यांची रेघ

अतिदक्षता विभागातील रुग्णाचा व्हेंटिलेटर केव्हा काढायचा, हा वैद्यकातील एक अवघड प्रश्न आहे. घाई झाली तर रुग्णाला धाप लागते आणि घशातून पुन्हा नळी घालावी लागते. उशीर झाला तर फुप्फुसांत संसर्ग होण्याची भीती वाढते. शिवाय यंत्राच्या आधाराने निवांत पडलेले श्वासाचे स्नायू झडू लागतात. 2008 साली अमेरिकेत मेंदू मृत झालेल्या 14 अवयवदात्यांचे श्वासपटल तपासले गेले. ते केवळ 18 ते 69 तास यंत्रावर होते. पण त्यांच्या स्नायुतंतूंच्या छेदाचे क्षेत्रफळ तुलनेच्या गटापेक्षा निम्म्याहून कमी भरले.

म्हणूनच खाटेजवळ सोनोग्राफीचे यंत्र आणून श्वासपटल पाहण्याची पद्धत गेल्या काही वर्षांत लोकप्रिय झाली. त्यात सुई नाही, क्ष-किरण नाहीत. पद्धत चांगली आहे, याबद्दल आमचे दुमत नाही. आक्षेप आहे तो तिच्यातून मिळणाऱ्या एका आकड्यावर निर्णयाचा सगळा भार टाकण्याला.

या पद्धतीत दोन गोष्टी मोजतात. एक म्हणजे श्वास घेताना श्वासपटल किती खाली सरकते. दुसरी म्हणजे ते किती जाड होते. दंडाचा स्नायू आवळला की फुगतो, तसेच हेही. या दोन मापांतला फरक वर्गातल्या नेहमीच्या प्रतिकृतीवर दाखवता येतो. बूड कापलेली बाटली, आत फुगा आणि खाली ताणून बसवलेला रबराचा पडदा. पडदा हाताने खाली ओढला की फुगा फुगतो. हा आपला नैसर्गिक श्वास. आता पडद्याला हात न लावता वरच्या नळीतून फुंकर मारा. फुगा फुगेल आणि पडदाही खाली सरकेल! व्हेंटिलेटर नेमके हेच करतो. म्हणजे यंत्र हवा ढकलत असताना श्वासपटल खाली सरकलेले दिसले, तरी ते स्नायूनेच केले असे म्हणता येत नाही. जाडी वाढली, तर मात्र स्नायू आवळला गेला असे मानायला आधार आहे. म्हणून दुसरे माप अधिक विश्वासाचे.

पण हे माप घेतात कशाचे? खालच्या बरगड्यांच्या मधून पाहिले की दोन उजळ रेघांमध्ये एक काळसर पट्टा दिसतो. तो म्हणजे श्वासपटल, सुमारे दीड ते दोन मिलिमीटर जाड. श्राव्यातीत ध्वनीचा शरीरातील मऊ ऊतींमधला वेग सेकंदाला सुमारे 1540 मीटर असतो. वारंवारता सेकंदाला 1 कोटी कंपने धरली, तर तरंगलांबी 0.154 मिलिमीटर येते. याहून फारसे बारीक अंतर अशा ध्वनीला नीट वेगळे दाखवता येत नाही.

आता गणित करू. श्वास सोडल्यावर जाडी 1.6 आणि घेतल्यावर 2.1 मिलिमीटर असेल, तर वाढ 31 टक्के. पहिले माप चुकून 1.7 वाचले गेले, तर तीच वाढ 24 टक्क्यांवर येते. एक दशांश मिलिमीटरने, म्हणजे एका तरंगलांबीहूनही कमी फरकाने, रुग्ण 30 टक्क्यांच्या रेघेच्या वरून खाली आला! ही 30 ची रेघही सर्वमान्य नाही. कोणी ती 20 वर ओढली आहे, कोणी 36 वर.

30 टक्क्यांची रेघ सुचवणारा 2014 सालचा अभ्यास 63 रुग्णांचा होता. त्यातील 49 जणांची नळी यशस्वीपणे निघाली, 14 जणांची नाही. रेघेच्या वर असलेल्या 47 जणांपैकी 43 यशस्वी झाले. हे प्रमाण 91 टक्के, म्हणून चाचणी उत्तम वाटते. पण कोणतीही रेघ न ओढताच यशाचे प्रमाण 78 टक्के होते, हे विसरू नये. आणि रेघेच्या खालच्या 16 जणांचे काय? त्यांतील 6 जणांची नळीही सुखरूप निघाली. केवळ आकडा पाहून थांबले असते, तर हे सहा जण विनाकारण यंत्रावर राहिले असते आणि त्यांचे स्नायू आणखी झडले असते. 2019 साली फ्रान्समधील अनेक रुग्णालयांनी मिळून, पुन्हा नळी घालावी लागण्याचा धोका अधिक असलेल्या रुग्णांचा अभ्यास केला. तेथे श्वासपटलाच्या सोनोग्राफीवरून अपयशाचे भाकीत करता आले नाही.

याचे नवल वाटू नये. नळी काढल्यावर रुग्ण तगणे एकट्या श्वासपटलावर अवलंबून नसते. खोकून कफ बाहेर टाकता यावा लागतो, हृदयाने वाढलेला भार पेलावा लागतो, शुद्ध पुरेशी असावी लागते. सोनोग्राफी ‘हा स्नायू काम करतो का?’ या प्रश्नाचे उत्तर देते. ‘नळी काढावी का?’ हा प्रश्न वेगळा आहे.

मग या तपासणीचा उपयोग काय? रुग्ण यंत्राचा आधार कमी करताच पुन्हा पुन्हा थकत असेल, तर कारण शोधायला ती फार उपयोगी आहे. एका बाजूचे श्वासपटल लुळे पडले असेल, तर ते तिच्यात दिसते. रोज मोजत गेल्यास स्नायू झडतो आहे का, याचा अंदाज येतो. मात्र तिचे स्थान डॉक्टरांनी रुग्णाला थोडा वेळ स्वतःच्या बळावर श्वास घेऊ देऊन जवळून पाहण्याच्या शेजारी आहे, त्याच्या जागी नाही.

प्रयोगवहीत विद्यार्थी मापाच्या पुढे ‘अधिक-उणे’ लिहितात, तेव्हा ती त्यांना निव्वळ रीत वाटते. त्यांना वरचे गणित जरूर करायला द्यावे. त्या एक दशांश मिलिमीटरच्या पलीकडे एक माणूस श्वासासाठी झगडत असतो, हे कळले की ‘अधिक-उणे’ कशासाठी लिहायचे ते वेगळे सांगावे लागणार नाही.